मॅरेथॉनच्या व्यवस्थेचा उपयोग कसा करून घ्यावा

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची रस्त्यावरील शर्यत. हे अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१मध्ये आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने ते कायमचे ठरवून दिले. २१.०९७५ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन आणि दहा किलोमीटरची शर्यत बहुधा तिच्याबरोबरच भरवली जाते. मुंबई मॅरेथॉन २००४मध्ये सुरू झाली आणि ती सहसा जानेवारीत होते. तिच्यात आघाडीच्या व्यावसायिक धावपटूंच्या कितीतरी पटींनी हौशी धावणारे असतात. त्यांना कोणाला हरवायचे नसते. ठरवलेल्या वेळेत, दुखापत न होता शेवटची रेषा गाठणे हा त्यांचा हेतू असतो. त्यासाठी आयोजक नावनोंदणीपासून वैद्यकीय कक्षापर्यंत मोठी यंत्रणा उभारतात. मात्र प्रत्येक सोय कशासाठी आहे आणि ती केव्हा, कशी वापरायची हे आधी माहीत असेल, तरच तिचा पुरेपूर फायदा मिळतो. पहिल्या मॅरेथॉनमध्ये होणारे बरेचसे त्रास पायांच्या अशक्तपणापेक्षा या माहितीच्या अभावातून होतात.

शर्यत निवडताना

पहिला निकष मोजलेल्या अंतराचा. प्रमाणित मार्ग मोटारीच्या मीटरने किंवा मोबाइलवरच्या नकाशाने मोजत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर हे उपकरण लावतात, ती सायकल आधी नेमक्या मोजलेल्या अंतरावर चालवून तपासतात आणि मग पूर्ण मार्ग मोजतात. मोजणी धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या रेषेने, म्हणजे वळणावर आतल्या कडेपासून केवळ ३० सेंटिमीटर अंतर ठेवून होते. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनमध्ये सुमारे ४२ मीटर. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटना किंवा १९८२मध्ये स्थापन झालेली एम्स ही मॅरेथॉन आयोजकांची संघटना यांच्या पद्धतीने प्रमाणित झालेल्या मार्गावरची वेळ दुसऱ्या शहरांतील आणि परदेशांतील शर्यतींच्या प्रवेशासाठीही ग्राह्य धरली जाते.

दुसरा निकष माहितीचा. चांगले आयोजक मार्गाचा नकाशा, चढ-उतारांचा आलेख, पाण्याच्या आणि वैद्यकीय मदतीच्या जागा, स्वच्छतागृहे, सुरुवातीच्या वेळा आणि कटऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करण्याची कमाल मुदत, या गोष्टी पुरेशा आधी जाहीर करतात. या यादीतली एखादी गोष्ट सापडत नसेल तर पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावी. पाण्याच्या जागांविषयी गोलमोल उत्तर मिळाले, तर त्या शर्यतीत पहिली मॅरेथॉन धावू नये.

तिसरा निकष हवामान आणि भूगोलाचा. सपाट रस्त्यावर, हिवाळ्यात होणारी शर्यत नवख्याला सोपी जाते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळ्यात, यवतेश्वरच्या घाटात होते. तिच्या पूर्वार्धात चढ आणि उत्तरार्धात उतार असतो. तिथली २१ किलोमीटरची वेळ सपाट रस्त्यावरच्या वेळेशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. अशा शर्यतीसाठी चढाइतकाच उताराचाही सराव लागतो, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूंवर उतरतानाच अधिक ताण येतो आणि ते दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात.

नावनोंदणी आणि सराव

मोठ्या शर्यतींची नोंदणी चार-पाच महिने आधी सुरू होते आणि जागा भरल्या की थांबते. शुल्क सहसा परत मिळत नाही, त्यामुळे परतावा आणि नाव पुढच्या वर्षी नेण्याचे नियम वाचूनच अर्ज भरावा. पूर्ण मॅरेथॉनसाठी शर्यतीच्या दिवशी वय १८ पूर्ण असावे लागते. अर्जात आधीच्या शर्यतीचे टायमिंग सर्टिफिकेट मागितले असल्यास ते अवश्य जोडावे. सुरुवातीच्या रांगेत कोणाला कोणत्या विभागात उभे करायचे, हे त्यावरून ठरते. प्रमाणपत्र नसलेल्यांना बहुधा मागचा विभाग मिळतो. आपली वेळ खऱ्याहून कमी सांगितल्यास पुढचा विभाग मिळेलही, पण तिथे सुरुवातीचे पाच किलोमीटर आपल्याहून वेगवान लोकांच्या ओघात धावावे लागतात आणि त्याची किंमत शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये मोजावी लागते.

रक्तगट, आजार, नियमित औषधे आणि तातडीच्या वेळी संपर्क करायच्या नातेवाइकाचा क्रमांक हे रकाने घाईघाईने भरू नयेत. धावणारा रस्त्यात कोसळला तर डॉक्टरांच्या हाती प्रथम हीच माहिती पडते. हा नातेवाईक त्याच शर्यतीत धावणारा नसावा, कारण त्याचा मोबाइल त्या वेळी पिशवीत असतो. वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह, रक्तदाब असेल किंवा कुटुंबात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

आधीपासून आठ-दहा किलोमीटर धावणाऱ्याला पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीसाठी १६ ते १८ आठवडे लागतात. आठवड्यातून चार दिवस धावणे पुरते. त्यातला एक दिवस लांब पल्ल्याचा असतो. हा पल्ला हळूहळू वाढवत ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत न्यावा आणि दर तीन-चार आठवड्यांनी एकदा तो कमी करून शरीराला उसंत द्यावी. लांब पल्ला बोलता येईल इतक्याच वेगाने धावावा. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत एकूण अंतर कमी करत आणतात, त्याला टेपरिंग म्हणतात. या दिवसांत नवख्यांना आपला सराव बुडतो आहे असे वाटते आणि ते एखादा जादा पल्ला मारतात. त्याने क्षमता वाढत नाही, उलट थकवा शर्यतीपर्यंत उरतो.

लांब पल्ल्याचा दिवस ही शर्यतीची रंगीत तालीम असते. शर्यतीतले बूट, मोजे, कपडे, ऊर्जा देणारे जेल किंवा खजूर, पाणी पिण्याची पद्धत आणि सकाळचा नाश्ता या सगळ्यांची परीक्षा याच दिवशी व्हावी. पहाटे पाचला सुटणाऱ्या शर्यतीसाठी संध्याकाळी केलेला सराव पोटाला आणि झोपेला तयार करत नाही, म्हणून निदान लांब पल्ले तरी पहाटेच धावावेत.

एक्स्पो आणि बिब

धावणाऱ्याचा क्रमांक छापलेला कागद, म्हणजे बिब, शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत एक्स्पोमध्ये, म्हणजे आयोजकांच्या प्रदर्शनात, मिळतो. मुंबईसारख्या शर्यतीत तो आयत्या वेळी, शर्यतीच्या सकाळी दिला जात नाही. ओळखपत्र आणि नोंदणीची पावती बरोबर न्यावी. बाहेरगावच्या धावणाऱ्याने प्रवासाचे आरक्षण एक्स्पोच्या वेळा पाहूनच करावे. शक्य असल्यास एक्स्पोला आदल्या दिवशी न जाता एक दिवस अगोदर जावे. आदल्या दिवशी तिथे सर्वाधिक गर्दी असते, आणि दोन-तीन तास रांगेत व दुकानांपुढे उभे राहिल्यावर पाय भरून येतात. तिथे आवडलेले नवे बूट घेण्यास हरकत नाही, पण ते पुढच्या सरावासाठी ठेवावेत.

वेळ नोंदवणारी चिप बहुतेक ठिकाणी बिबच्या मागेच चिकटवलेली असते. ती दुमडू नये किंवा काढू नये, आणि बिबवर जॅकेट अथवा पाण्याचा पट्टा बांधू नये, नाहीतर रस्त्यावरच्या वेळ टिपणाऱ्या मॅटवर तिची नोंद होण्यात अडचण येऊ शकते. बिब टी-शर्टच्या समोरच्या बाजूला चारही कोपऱ्यांत सेफ्टी पिन लावून बसवावा. ऐन वेळी येता न आल्यास तो मित्राला देण्याचा मोह होतो. त्यामुळे निकाल तर चुकतोच, पण अपघात झाल्यास डॉक्टरांसमोर भलत्याच माणसाचा रक्तगट आणि भलत्याच घराचा फोन क्रमांक येतो.

आदला दिवस

आदल्या दिवशी शहर पाहण्यासाठी पायपीट करू नये. दुपारचे जेवण भरपेट आणि रात्रीचे हलके, लवकर घेतलेले असावे. वरण-भात, पोळी, बटाट्याची भाजी असे ओळखीचे, पिष्टमय अन्न चांगले. उसळी, कच्च्या कोशिंबिरी, तळलेले आणि फार तिखट पदार्थ त्या दिवशी टाळावेत. मद्य घेऊ नये. पाणी दिवसभर तहानेप्रमाणे प्यावे, झोपताना दोन लिटर रिचवण्यात लाभ नाही.

कपडे, बिब, बूट, जेल, टोपी आणि पेट्रोलियम जेली रात्रीच एका जागी काढून ठेवावी. बगल, मांड्यांची आतली बाजू, स्तनाग्रे, अंतर्वस्त्राच्या शिवणीखालची त्वचा आणि पायाची बोटे या ठिकाणी जेली लावली नाही, तर दोन-तीन तासांच्या घामानंतर कातडी सोलवटते. पायाची नखे शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापावीत. पाळीची तारीख जवळ असणाऱ्या स्त्रियांनी लागणाऱ्या वस्तू पट्ट्याच्या खिशात ठेवाव्यात, कारण मार्गावरच्या फिरत्या स्वच्छतागृहांत त्या मिळतील याची खात्री नसते.

त्या रात्री झोप नीट लागत नाही, ही जवळजवळ प्रत्येकाची हकिकत आहे. त्याची चिंता करू नये. शर्यतीच्या कामगिरीवर त्या एका रात्रीपेक्षा आधीच्या चार-पाच रात्रींच्या झोपेचा परिणाम जास्त होतो.

पहाटेचा प्रवास आणि सुरुवात

नाश्ता शर्यतीच्या दोन-तीन तास आधी व्हावा, म्हणजे पाचच्या शर्यतीसाठी अडीच-तीनला उठणे ओघाने आले. केळी, ब्रेड, थोडे पोहे किंवा उपमा यांपैकी सरावात मानवलेले खावे. मुंबईत त्या दिवशी दक्षिण भागातले अनेक रस्ते वाहतुकीला बंद असतात, त्यामुळे स्वतःची गाडी आणण्यापेक्षा लोकल सोयीची. मध्य आणि पश्चिम रेल्वे या दिवशी पहाटे विशेष लोकल सोडत आल्या आहेत. त्यांच्या वेळा आदल्या आठवड्यात जाहीर होतात. पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, तर अर्धमॅरेथॉन बरीच वर्षे माहीमहून सुटत आली आहे. आपली सुरुवात कुठे आहे हे बिबसोबतच्या सूचनापत्रावर पाहून घ्यावे, कारण चुकीच्या स्थानकावर उतरलेल्याला बंद रस्त्यांमुळे दुसरे वाहन मिळत नाही.

सुरुवातीच्या जागी तासभर आधी पोहोचावे. तिथे पहिल्यांदा पिशवी जमा करावी, मग स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे राहावे. शेवटच्या वीस मिनिटांत ही रांग सर्वांत लांब होते. जमा करायच्या पिशवीत कोरडे कपडे, चपला, टॉवेल आणि घरी परतण्यापुरते पैसे ठेवावेत. दागिने आणि महत्त्वाची कागदपत्रे ठेवू नयेत. गार हवेत उभे राहण्यासाठी जुना शर्ट अंगावर ठेवल्यास तो काढून देता येतो. दहा मिनिटे चालणे आणि हलकेच सांधे मोकळे करणे इतका वॉर्मअप लांब शर्यतीला पुरतो.

बंदूक वाजल्यानंतर मागच्या विभागांतील लोकांना सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचायलाच दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात. त्याने घाबरून जाऊ नये. चिपची वेळ रेषा ओलांडल्यावर सुरू होते, आणि प्रमाणपत्रावर ही निव्वळ वेळ वेगळी दिलेली असते. बंदुकीपासून मोजलेली वेळ मुख्यतः आघाडीच्या धावपटूंचे क्रमांक ठरवण्यासाठी लागते. त्यामुळे पहिल्या किलोमीटरला डावी-उजवीकडून वाट काढत पुढे जाण्याने वेळ फारसा वाचत नाही, अंतर मात्र वाढते आणि दुसऱ्याच्या पायात पाय अडकण्याचा धोका असतो.

वेग कसा राखावा

मॅरेथॉनमधला सर्वांत महागात पडणारा भाग म्हणजे पहिले दहा किलोमीटर. टेपरिंगमुळे पाय ताजे असतात, हवा गार असते, रस्त्यावर बँड वाजत असतो, आणि ठरवलेल्या वेगाहून किलोमीटरमागे वीस-तीस सेकंद जास्त वेगाने धावूनही सोपे वाटते. शरीरात साठवलेले ग्लायकोजन मर्यादित असते आणि वेग वाढवला की ते अधिक झपाट्याने खर्च होते. ते संपत आले की तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय एकाएकी जड होतात. धावणारे याला ‘वॉल’ लागणे म्हणतात. त्यावर उपाय सुरुवातीलाच करता येतो: पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या वेगाहून किंचित सावकाश, मग तिसाव्या किलोमीटरपर्यंत एकसारखे, आणि जोर उरला असेल तर त्यानंतर.

वेगाचे गणित आधी करून ठेवावे. किलोमीटरला सहा मिनिटे लागली तर पूर्ण मॅरेथॉनला ४ तास १३ मिनिटे, सात मिनिटे लागली तर ४ तास ५५ मिनिटे आणि आठ मिनिटे लागली तर ५ तास ३७ मिनिटे होतात. या हिशेबात एक खाच असते. मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि गर्दीत कोणालाच त्या रेषेने धावता येत नाही, त्यामुळे शेवटी घड्याळात ४२.५ ते ४२.८ किलोमीटर दिसतात. मार्ग चुकीचा मोजल्याची तक्रार दरवर्षी होते, तिचे मूळ बहुधा इथे असते. पाच तासांचे लक्ष्य असेल तर कागदावरचा वेग किलोमीटरला ७ मिनिटे ६ सेकंद येतो. घड्याळात ४२.७ किलोमीटर भरणार हे धरून तो ७ मिनिटे १ सेकंद ठेवावा लागतो. उंच इमारतींमध्ये आणि बोगद्यांत घड्याळ आणखी चुकते, म्हणून रस्त्यावरचे किलोमीटरचे फलक हाच खरा आधार.

घड्याळाकडे सतत पाहायचे नसेल तर पेसरबरोबर धावावे. पेसर हा अनुभवी धावपटू ठरावीक वेळेचा झेंडा किंवा फलक घेऊन त्या वेळेत शर्यत पूर्ण करून देतो. त्याच्या घोळक्याला धावणारे ‘बस’ म्हणतात. सुरुवातीलाच त्याला गाठून दोन गोष्टी विचाराव्यात: तो पूर्ण अंतर सारख्या वेगाने धावणार आहे की पाण्याच्या जागी चालणार आहे, आणि त्याची वेळ बंदुकीपासून धरलेली आहे की चिपपासून. घोळक्यात अगदी मध्ये राहिल्यास पाण्याच्या टेबलाशी कोंडी होते, म्हणून कडेने किंवा चार पावले मागे राहावे. त्याचा वेग झेपत नाही असे विसाव्या किलोमीटरलाच जाणवले तर त्याला सोडून मागच्या पेसरची वाट पाहणे शहाणपणाचे.

पाणी आणि खाणे

पाण्याची सोय सहसा दर दोन-तीन किलोमीटरवर आणि क्षार असलेल्या पेयांची त्याहून विरळ असते. सगळे जण पहिल्याच टेबलावर तुटून पडतात, तर शेवटची टेबले मोकळी असतात. तिथे स्वयंसेवकाकडे पाहून हात पुढे केला की तो बाटली किंवा पेला नेमका हातात देतो. पेला असल्यास वरून चिमटून चोच करावी आणि चालत प्यावे. तेवढ्याने वाया जाणारी काही सेकंदे ठसक्यापेक्षा परवडतात. रिकामी बाटली टोपण लावून पुढे ठेवलेल्या पेटीत किंवा रस्त्याच्या कडेला टाकावी. रस्त्याच्या मधोमध पडलेल्या बाटलीवर पाय पडून मागच्याचा घोटा मुरगळतो.

किती प्यावे याचे उत्तर तहान देते. जास्त पाणी पिण्याचाही धोका असतो. त्याने रक्तातले सोडियम पातळ होते आणि मळमळ, डोकेदुखी, भ्रम, क्वचित झटके येतात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के लोकांचे सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले. शर्यतीत वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना हा धोका अधिक होता. म्हणजे सावकाश धावणाऱ्या नवख्याने प्रत्येक टेबलावर पूर्ण बाटली संपवणे इष्ट नाही. दोन घोट प्यावेत, उरलेले मानेवर आणि डोक्यावर ओतावे, पण बुटांत जाऊ देऊ नये. ओल्या मोज्यांनी फोड येतात.

दोन तासांहून लांब धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका जेलमध्ये सामान्यतः २० ते २५ ग्रॅम असतात, आणि मध्यम केळ्यात साधारण तितकीच. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या पाऊण तासात सुरुवात करून पुढे ठरावीक अंतराने खात राहावे. जेल पाण्याबरोबरच घ्यावे, त्यामुळे पाण्याचे टेबल दिसू लागल्यावर ते फोडणे सोयीचे. मुंबईत पेडर रोडपासून माहीमपर्यंत ठिकठिकाणी रहिवासी संत्री, केळी, चिक्की, बिस्किटे घेऊन उभे असतात. त्यांचा आग्रह मनापासून असतो, तरी सरावात न खाल्लेला पदार्थ केवळ भिडेखातर तोंडात टाकू नये.

मार्ग ओळखून धावणे

मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा स्वभाव आधी जाणून घेतल्यास मन स्थिर राहते. मुंबईचा प्रचलित मार्ग याचे चांगले उदाहरण आहे. सुरुवातीला मरीन ड्राइव्ह अंधारात, सपाट आणि वाऱ्याचा असतो. इथे वेग हमखास वाढतो, म्हणून तो मुद्दाम रोखावा. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी जाता येत नाही, त्यामुळे पुष्कळांची ती सर्वांत आवडती जागा असते. मात्र तिथे टाळ्या वाजवणारे प्रेक्षक नसतात, वारा असतो आणि सेतूवर चढणारा रस्ता दिसतो त्याहून लांब वाटतो. फोटो काढायचा असेल तर मागे पाहून, कडेला जाऊन काढावा. माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी या भागांत प्रेक्षक सर्वाधिक असतात आणि त्यांच्या आरोळ्यांनी पुन्हा वेग वाढतो. परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ येतो. तो फार तीव्र नाही, पण थकलेल्या पायांना आणि वर आलेल्या उन्हात तो फार जाणवतो. इथे पावले लहान करावीत, नजर दहा-पंधरा पावलांवर ठेवावी, आणि दम लागल्यास ठरवून एक-दोन मिनिटे चालावे. चढावर गेलेला वेळ उतारावर वसूल करण्याच्या नादात वांबे येतात. शेवटी पुन्हा मरीन ड्राइव्ह लागतो. वक्राकार रस्त्यामुळे टोक दिसते, पण जवळ येत नाही, म्हणून संपूर्ण वळणाऐवजी पुढच्या किलोमीटरच्या फलकावर लक्ष ठेवावे. मार्गात वर्षागणिक बदल होतात, त्यामुळे त्या-त्या वर्षीचा नकाशा पाहूनच हे टप्पे आखावेत.

वैद्यकीय मदत आणि कटऑफ

वैद्यकीय कक्षात थांबणे म्हणजे शर्यत सोडणे नव्हे. फोडावर पट्टी बांधून किंवा वांब आलेला स्नायू ताणून घेऊन पुन्हा धावता येते. वेदनाशामक फवारा त्वचेवरची जाणीव तेवढी थोडा वेळ कमी करतो, दुखापत बरी करत नाही. एका जागी टोचणारी आणि पावलागणिक वाढणारी कळ असेल तर तो मारून पुढे जाऊ नये. शर्यतीपूर्वी किंवा शर्यतीत आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. ताप, जुलाब किंवा छातीत कफ असताना धावूच नये.

छातीत दाब किंवा दुखणे, डाव्या हातात अथवा जबड्यात जाणारी कळ, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबून स्वयंसेवकाला सांगावे. शेजारचा धावणारा अडखळत असेल, असंबद्ध बोलत असेल, दिशा चुकत असेल तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत आडवे करून शरीर ताबडतोब थंड करणे आणि डॉक्टरांना बोलावणे हे तेव्हाचे पहिले काम. उष्माघातात रुग्णालयात नेण्याच्या घाईपेक्षा जागेवर बर्फाच्या पाण्याने थंड करण्याला प्राधान्य देतात.

ठरावीक अंतर ठरावीक वेळेत पार न केल्यास मागून येणारी आयोजकांची बसगाडी धावणाऱ्याला उचलून घेते, कारण रस्ते वाहतुकीला खुले करायचे असतात. या टप्प्यांच्या वेळा हातावर लिहून ठेवाव्यात. या गाडीत बसण्याची वेळ आली तर पोलिसांशी किंवा स्वयंसेवकांशी हुज्जत घालू नये. रस्ता उघडल्यानंतर धावणाऱ्याला पाणी, डॉक्टर आणि संरक्षण काहीच उरत नाही.

शेवटची रेषा ओलांडल्यावर

रेषेवर घड्याळ बंद करण्यासाठी मान खाली घातली की छायाचित्र बिघडते, आणि तिथेच थांबले की मागच्यांची कोंडी होते. दोन्ही कामे दहा पावले पुढे जाऊन करता येतात. एकदम थांबण्याने आणखी एक त्रास होतो. धावताना पिंढऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते थांबले की रक्त पायांत साचते, रक्तदाब घसरतो आणि घेरी येते. म्हणून पदक, पाणी, खाण्याची पिशवी घेत दहा-पंधरा मिनिटे चालत राहावे. घेरी आलीच तर आडवे होऊन पाय वर करावेत, बहुतेकांना तेवढ्याने बरे वाटते.

त्यानंतर ओले कपडे बदलावेत, चपला घालाव्यात आणि तासाभरात काहीतरी पिष्टमय व प्रथिनयुक्त खावे. भेटीची जागा घरच्यांशी आधीच ठरवलेली असावी, कारण शेवटच्या रेषेजवळच्या गर्दीत मोबाइल लागेलच असे नाही. लघवी गडद तपकिरी झाली, दिवसभर झालीच नाही, किंवा उलट्या व डोकेदुखी वाढत गेली तर घरी विश्रांती घेत न बसता डॉक्टरांकडे जावे.

अधिकृत निकाल आणि प्रमाणपत्र काही दिवसांत उपलब्ध होते. एखाद्या मॅटवरची वेळ गहाळ दिसली तर बिब क्रमांक, अंदाजे वेळ आणि छायाचित्र जोडून दिलेल्या मुदतीत कळवावे. मुदतीनंतर दुरुस्ती होत नाही. पाणी संपल्याची, स्वच्छतागृहे कमी पडल्याची किंवा सूचना चुकीची असल्याची तक्रार किलोमीटर आणि वेळ नमूद करून केली, तरच आयोजकांना त्यावरून पुढची मांडणी बदलता येते.

पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरताना मांड्या दुखणे, नखे काळी पडणे आणि भूक वाढणे स्वाभाविक आहे. हलके चालणे आणि पुरेशी झोप यांनी ते आपोआप ओसरते. पहिले दोन-तीन दिवस जोरकस मालिश टाळावी. पहिला आठवडा धावू नये, दुसऱ्या आठवड्यात तीनदा अर्धा तास सावकाश धावावे, आणि वेगाचा सराव तीन-चार आठवड्यांनंतर सुरू करावा. एका जागी राहिलेले, हाडावर दाबल्यास जाणवणारे दुखणे दहा दिवसांत कमी झाले नाही तर तपासून घ्यावे. पुढची पूर्ण मॅरेथॉन निदान तीन-चार महिन्यांनी ठरवावी. तेवढ्या अवधीत स्नायू भरून येतात आणि सराव पुन्हा पायरीपायरीने वाढवायला वेळ मिळतो.